शाळा जूनमध्ये, झोप अजून मेमध्ये

जूनच्या मध्यात साताऱ्यात सूर्य मावळतो तो संध्याकाळी ७ वाजून ९-१० मिनिटांनी. ढग नसतील त्या दिवशी पुढचा अर्धा तास अजिंक्यताऱ्याची कड स्वच्छ दिसत राहते, ‘चार भिंती’च्या टेकडीवरून माणसं रमतगमत उतरत असतात आणि खाली गल्लीत मुलांची मॅच तिसऱ्यांदा ‘शेवटच्या ओव्हर’वर आलेली असते. सांगलीत सूर्यास्त तीन-चार मिनिटं आधी, एवढाच फरक. त्याच दिवशी गडचिरोलीत मात्र सूर्य साधारण वीस मिनिटं आधीच गेलेला असतो आणि गुवाहाटीत पाऊण तासाहूनही आधी. घड्याळ सगळीकडे एकच, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटाही त्याच घड्याळावर वाजणार.

आपली प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे प्रयागराजच्या आसपास. सातारा आहे ७४ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली, तर साताऱ्याचा सूर्य घड्याळाच्या ३४ मिनिटं मागे चालतो. भिंतीवर सकाळचे सात वाजतात तेव्हा इथल्या आभाळात साडेसहासुद्धा झालेले नसतात. १९०६ साली ही प्रमाणवेळ देशाला लागू झाली तेव्हा मुंबईकरांना हा फरक इतका खुपला, की ३९ मिनिटं मागे चालणारी आपली ‘मुंबई वेळ’ त्या शहराने पुढे १९५५ पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती. आता त्यावर कुणी भांडत नाही. भांडण होतं ते घराघरांत, रात्री साडेदहाला, ‘झोप आता’ आणि ‘झोप येत नाहीये’ यांच्यात.

हे भांडण नुसतं शिस्तीचं नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने देशाच्या पूर्व-पश्चिम पसाऱ्याचा उपयोग करून भारतातल्या मुलांच्या झोपेचा हिशेब मांडला. सूर्यास्त एक तास उशिरा होत असेल, तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी भरते, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. झोपायला जाण्याची वेळ अंधाराच्या मागोमाग पुढे सरकते, शाळेची वेळ जागची हलत नाही. मधल्या मध्ये झोप कापली जाते. अर्थात सातारा-सांगली काही देशाचं पश्चिम टोक नव्हे. पण जूनचा सूर्यास्त, सुट्टीतल्या सवयी आणि १५-१६ तारखेला उघडणारी शाळा हे तिन्ही इथे एकाच पंधरवड्यात येतात, आणि त्या पंधरवड्यात पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुलांच्या घरात जी तारांबळ उडते तिच्यामागे शरीराचं एक ठरावीक गणित आहे. ते कळलं, तर निम्मी आरडाओरड वाचते.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. अशी घड्याळं पेशींच्या आत कोणत्या जनुकांवर चालतात हे फळमाशीवर शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं, सरासरीने दहा-बारा मिनिटं जास्तीचं असतं. म्हणजे रोज थोडं मागे पडणारं घड्याळ आपण कपाळात घेऊन फिरतो आणि रोज सकाळी उजेड ते पुन्हा वेळेवर लावून देतो. एकदा हे लक्षात आलं, की सुट्टीत उशिरा झोपण्याची सवय दोन दिवसांत का लागते आणि लवकर झोपण्याची का लागत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. मागे पडणं हा त्या घड्याळाचा स्वभावच आहे. पुढे ओढणं हे काम आहे, आणि ते करतो मुख्यतः सकाळचा उजेड.

मला या सगळ्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपण रात्रीच्या टोकाला धरून ओढत बसतो. दिवे घालवतो, दटावतो, शेवटी फोन हिसकावून घेतो. पण झोप हुकमाने येत नाही. मोठ्यांना येत नाही तर मुलांना कुठून येणार? उठवणं मात्र आपल्या हातात असतं. वेळापत्रक सकाळकडून बसवायचं; रात्र तीन-चार दिवस मागून येते.

आता मे महिन्यात आपल्याकडे काय काय होतं ते बघा. परीक्षा संपल्या की मुंबईकर गावी उतरतात. जावळी, पाटण, खटाव, माण इथल्या घरांत एरवी दोन म्हातारी माणसं असतात, तिथे दहा-बारा अंथरुणं पडतात. गावोगावच्या यात्रा चैत्र-वैशाखातल्या. रात्री छबिना निघतो, पालखी फिरते, ढोल-लेझीम, मग तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड. आपल्या गावची झाली की मामाच्या गावची. त्यात लग्नसराई, हळदीचा डीजे, आणि आयपीएलचे सामने. साडेसातला सुरू होऊन संपायला अकरा वाजून जातात. या सगळ्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. छबिन्याबरोबर फिरलेली रात्र ज्या मुलाला मिळाली नाही त्याचं बालपण वाया गेलं, असं मी तरी मानतो.

गावाकडच्या घरांत आणखी एक गोष्ट असते, जी झोपेवरच्या कुठल्या सल्ल्यात सापडत नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची लाइट असली की बापाला मध्यरात्री उसात दारं धरायला जावं लागतं. मोटारसायकल सुरू होते, कुत्री भुंकतात, घर अर्धवट जागं होतं. पहाटे आई धारा काढायला उठते. अशा घरातलं पोर ‘अखंड नऊ तास’ झोपणार कसं? कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असलेला माणूस रात्री अकराच्या पुढे घरी येतो. त्याचं जेवण, त्याच्याशी बोलणं तेव्हाच. मुलं बाबांसाठी जागतात, आणि ते चूक आहे असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मुलांना लागते किती झोप? अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली तज्ज्ञांकडून पाहणी करून घेऊन आकडे दिले: ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वयाला ९ ते १२, आणि १३ ते १८ वयाला ८ ते १०. आपल्याकडे हे आकडे सांगितले की पालक हसतात. आठवीतल्या मुलाने नऊ तास झोपायचं म्हणजे अभ्यास कधी करायचा, हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यावर तेल अवीवच्या आवी सादेह यांचा २००३चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. चौथी आणि सहावीतल्या ७७ मुलांपैकी काहींना तीन रात्री रोजच्यापेक्षा तासभर जास्त झोपायला सांगितलं, काहींना तासभर कमी. मग लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्या घेतल्या. दोन गटांत जो फरक पडला तो जवळपास दोन इयत्तांमधल्या फरकाएवढा होता. तोही नुसत्या तीन रात्रींत. रात्री अकरापर्यंत पाढे घोकून घेणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण दिवसभर शिकलेलं पक्कं बसवण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो.

आणि कमी झोपलेलं मूल पेंगतंच असं नाही, ही फसगत नेहमी होते. मोठा माणूस झोप झाली नाही की जांभया देतो. मूल उलट उड्या मारतं, चिडतं, खोड्या काढतं, क्षुल्लक गोष्टीवरून भोकाड पसरतं. परिपाठाला धक्काबुक्की करणारा पोरगा वांड आहे की रात्री बारापर्यंत जागा होता, हे शाळेच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांना ओळखता येत नाही. पंधरा दिवसांनी तोच पोरगा निम्मा शांत झालेला असतो.

एक उदाहरण धरू. सांगलीत विश्रामबागला राहणारा सहावीतला मुलगा. शाळा सात वीसची, व्हॅनवाले काका पावणेसातला कोपऱ्यावर हॉर्न वाजवणार, म्हणजे उठायचं सहाला. मे महिन्यात हा मुलगा बाराला झोपतो आणि नऊला उठतो. म्हणजे घड्याळ तीन तास पुढे ओढायचं आहे. रोज पंधरा-वीस मिनिटं ओढलं तर दहा-बारा दिवस लागतील; ४-५ जूनला सुरुवात करायला हवी. आणि इथेच घरातला मोठा माणूस म्हणतो, ‘असलं काही नको, उद्यापासून पाचला उठवा, दोन दिवसांत सरळ येतं.’

हा उपाय फसतो, त्याचं कारण मजेशीर आहे. शरीराचं तापमान रात्रभर उतरत जातं आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सगळ्यात खाली जातं. त्या तळाच्या नंतर डोळ्यांत शिरलेला उजेड घड्याळ पुढे ढकलतो. त्याच्या आधी शिरलेला उजेड उलटं काम करतो, घड्याळ आणखी मागे टाकतो. नऊला उठणाऱ्या मुलाचा तळ सकाळी सहा-सातच्या सुमाराला असतो. त्याला पाचला उठवून ट्यूबलाइटखाली बसवलं, की त्याच्या मेंदूच्या दृष्टीने अजून मध्यरात्र चालू आहे आणि कुणीतरी दिवा लावला आहे. तो दिवसभर मरगळतो, दुपारी तीन तास आडवा होतो, आणि रात्री पुन्हा बाराला टक्क जागा. घरचे म्हणतात, पोरगं हट्टी आहे.

तेव्हा हळूहळू. पहिले दोन दिवस साडेआठला उठवायचं, मग सव्वाआठ, मग आठ. उठवलं की लगेच बाहेर. हा ‘बाहेर’ शब्द फार महत्त्वाचा. घरातल्या दिव्यांचा उजेड एक-दोनशे लक्सच्या पुढे क्वचित जातो. बाहेर पावसाळी, भरून आलेलं आभाळ असलं तरी हजारांत असतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखंच वाटतं, कारण बुबुळं जुळवून घेतात. मेंदूतलं घड्याळ फसत नाही. म्हणून दात घासणं, दूध पिणं, मांजराशी खेळणं, जे काय असेल ते ओट्यावर, अंगणात, गच्चीवर, निदान बाल्कनीत. अर्धा तास पुरे. महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडे पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, तिथे पडवीत का होईना पण उघड्यावर बसवावं. तिकडे माण-खटाव, जत-आटपाडीच्या मुलांना ही अडचण नाही. तिथे जूनमध्ये ऊनच ऊन.

गावात याला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आजोबांबरोबर डेअरीत दूध घालायला पाठवणं. हातात किटली, समोर रांग, मापाला दूध ओततानाचा फेस, मग फॅटच्या यंत्रावर उमटणारा आकडा आणि तो कमी लागला म्हणून आजोबांची कुरकुर. साडेसहा-सातची वेळ, जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तासाचा उजेड, चालणं, आणि उठण्याला एक कारण. ‘ऊठ, शाळा आहे’ यापेक्षा ‘ऊठ, आज फॅट तू बघायची’ याला पोरं पटकन उठतात.

बरीच घरं १२-१३ जूनला गावाहून परततात. दहा दिवस हाताशी नसतातच. मग काय करायचं? पहिल्या दिवशी साडेसात, दुसऱ्या दिवशी पावणेसात, तिसऱ्या दिवशी सहा, आणि दर वेळी उजेडात. शाळेचा पहिला आठवडा जड जाणार हे धरून चालायचं, त्या आठवड्यात रात्रीचा अभ्यास, क्लास, पाहुणे काही ठेवायचं नाही. उलट गावीच असाल तर मृग नक्षत्र ही चांगली खूण आहे. ७ किंवा ८ जूनला मिरग निघतो, पेरणीची बोलणी सुरू होतात, कोंबडी किंवा गोडधोड होतं. त्याच दिवशी मुलांचं उठणं बदलायला घेतलं तर शाळेपर्यंत आठवडा मिळतो.

सकाळ बसली, की रात्रीकडे वळायचं. रात्रीची मोठी अडचण म्हणजे पुन्हा उजेडच. मेलाटोनिन हे संप्रेरक अंधार पडल्यावर रक्तात चढू लागतं, आणि ‘रात्र झाली’ हा निरोप शरीरभर पोचवतं. लहान मुलांची बुबुळं मोठी आणि डोळ्यांतली भिंगं नितळ असतात, त्यामुळे रात्रीच्या उजेडाने त्यांचं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त दबतं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका गटाने २०१८ साली ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडाच्या टेबलावर खेळायला बसवलं, तेव्हा मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घसरलं, आणि दिवा बंद केल्यावरही जवळपास तासभर सावरलं नाही. तो उजेड फोनच्या पडद्याहून बराच जास्त होता, हेही सांगायला हवं. फोनचा खरा त्रास मला उजेडापेक्षा दुसऱ्या ठिकाणी दिसतो. तो संपत नाही. गोष्ट संपते, पत्त्यांचा डाव संपतो, मालिकासुद्धा जाहिरातीसाठी थांबते. रील संपत नाही. त्यामुळे ‘दहा मिनिटं बघ’ ही सवलत देण्यापेक्षा जेवणानंतर घरातले सगळे फोन एका फडताळात जाणं सोपं पडतं. सगळे म्हणजे आईबाबांचेही, आणि गाडी अडते ती तिथेच.

चहाचं काय? पश्चिम महाराष्ट्रात चार-पाच वर्षांचं पोरही बशीत ओतून चहा पितं. ‘दुधाचाच तर आहे.’ झोपेची ओढ मेंदूत साठत जाणाऱ्या अ‍ॅडेनोसिनमुळे वाढते आणि कॅफीन त्याचीच वाट अडवतं. संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं कॅफीन मोठ्या माणसाच्या अंगात रात्री दहालाही निम्म्याच्या आसपास उरलेलं असतं. मुलांना सकाळचा चहा सोडवणं जमत नसेल तर राहू द्या, संध्याकाळचा तेवढा बंद करा. दुपारच्या झोपेचंही तसंच. आमरसाचं जेवण करून पाच वाजेपर्यंत झोपलेल्या मुलाला रात्री नऊला झोप येण्याचं काहीच कारण नाही. बालवाडीतल्यांना दुपारी झोपू द्यावं, त्यांच्या तासांत ती धरलेलीच आहे. पहिलीच्या पुढच्यांना जून लागला की अर्ध्या तासावर आणावं.

परदेशी पुस्तकांत एक सल्ला हमखास असतो: साडेआठला मुलाला त्याच्या खोलीत न्या, गोष्ट वाचा, दिवा बंद करा आणि बाहेर या. आपल्याकडे त्याची खोली कुठे आहे? एकाच खोलीत आजी, आईबाबा, दोन मुलं, कोपऱ्यात टीव्ही. मूल झोपतं घर झोपतं तेव्हा. जोडी मिंडेल या निद्रासंशोधिकेने १७ देशांतल्या तीन वर्षांखालच्या मुलांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध केली. न्यूझीलंडमधली मुलं साडेसातच्या सुमाराला झोपत होती, हाँगकाँगमधली सव्वादहाला, आणि भारतातली मुलं हाँगकाँगच्या जवळ होती. आईवडिलांच्या कुशीत झोपण्यात वाईट काही नाही, आपल्या मुलांना ती ऊब मिळते हे भाग्यच. फक्त त्याचा अर्थ असा, की मुलाची वेळ बदलायची तर घराची बदलावी लागते. रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठला आणलं तर उरलेलं बरंच आपोआप सरकतं. आजी असेल तर तिने नऊला मुलांना घेऊन आतल्या खोलीत किंवा माळवदावर जावं, टीव्ही बाहेरच्यांनी आवाज कमी करून बघावा. अंग धुणं, वाकळ पसरणं, गोष्ट, रोज त्याच क्रमाने. हा क्रम दिसायला किरकोळ आहे, पण मिंडेल यांच्याच २००९च्या अभ्यासात रोजचा ठरलेला क्रम सुरू केल्यावर बाळं आणि रांगती मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली.

दुसऱ्या पाळीच्या बाबांचा प्रश्न उरतो. त्यावर एकच मार्ग मला दिसतो: बाबांची भेट सकाळी. रात्री अकराची दहा मिनिटं सकाळच्या दहा मिनिटांत हलवायची, बाबांनी डोळे चोळत का होईना पण मुलाला कोपऱ्यावरच्या व्हॅनपर्यंत सोडायचं, मग परत येऊन झोपायचं. पाळी बदलली की सोडून द्यायचं.

शाळेनेच वेळ बदलली तर? हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला गेला आहे. डिसेंबर २०२३मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी एका कार्यक्रमात मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा असं सुचवलं, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५पासून सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. कारणं देताना मुलांचं रात्री उशिरा झोपणं, शहरांतला गोंगाट, पावसात आणि थंडीत पहाटे मुलांना तयार करण्याची दगदग, डब्याची घाई असं सगळं त्यात आलं. ज्या शाळांना अडचण आहे त्यांच्याबाबत अधिकाऱ्यांनी प्रकरण पाहून निर्णय घ्यावा अशी वाटही ठेवली. अडचणी होत्याच. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत इमारत एकच. धाकटे नऊला आले तर मोठ्यांना कुठे बसवायचं? व्हॅनची एक फेरी दोन होते. आठला कामावर जाणाऱ्या आईने मुलाला नऊपर्यंत कुणाकडे ठेवायचं?

निर्णयामागचा हेतू चांगला. पण त्यात एक विसंगती आहे, ती मला स्वस्थ बसू देत नाही. लहान मुलं मुळात पहाटपक्षी असतात. उशिराच्या शाळेची खरी गरज असते ती तेरा-चौदाच्या पुढच्यांना. वयात येताना शरीराचं घड्याळ एक ते दोन तास मागे सरकतं, मेलाटोनिनच उशिरा चढू लागतं. मेरी कार्सकाडन या निद्रासंशोधिकेने हे काही दशकांपूर्वीच दाखवून दिलं. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत अशी भूमिका घेतली. सिॲटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळा ७:५०वरून ८:४५वर नेल्या, तर मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. ती मिनिटं त्यांनी जागण्यात घालवली नाहीत. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, तो २०२२पासून लागू आहे. आपल्याकडे मात्र चौथीचा मुलगा नऊला निघतो आणि त्याची दहावीतली ताई सहाच्या क्लासला सायकल मारत असते. जानेवारीत साताऱ्या-सांगलीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. म्हणजे तिचा पहिला तास काळोखात, दुसरा थंडीत. तिला ‘आळशी’ म्हणण्याआधी एवढं तरी ध्यानात घ्यावं. क्लासची वेळ संध्याकाळची करता आली तर करावी. नाहीच जमलं तर रविवारी तिला तासभर जास्त झोपू द्यावं, त्याहून जास्त नको. नाहीतर रविवारी रात्री पुन्हा पहिल्यापासून सगळं.

जोराने घोरणारं, तोंडाने श्वास घेत झोपणारं, भरपूर तास झोपूनही सकाळी थकलेलं मूल असेल, तर वेळापत्रकाशी झगडत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. आणि मेलाटोनिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात म्हणून आपल्या मनाने देऊ नयेत.

जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटतं, आपली शाळा साडेदहा-अकराची, आपल्याला हे सगळं लागू नाही. पण शनिवारची शाळा सकाळची असते. पाच दिवस आठला उठणारं मूल सहाव्या दिवशी सहाला उठवलं जातं, आणि सातव्या दिवशी नऊपर्यंत झोपतं. दर आठवड्याला दोन-तीन तासांचं मागेपुढे. त्यापेक्षा सातही दिवस साडेसहा-पावणेसात ही एकच वेळ धरली, तर शनिवार जड जात नाही, आणि साडेदहाच्या शाळेआधी अभ्यासाला दीड-दोन तास मोकळे मिळतात. रात्री डोळे ताणायला नकोत. गणपतीत, दिवाळीत वेळ मोडणारच, मोडू द्यावी. सुट्टीचे शेवटचे चार दिवस परतीसाठी राखले म्हणजे झालं. उन्हाळा लागला की साधारण मार्चपासून याच शाळा रोज सकाळच्या होतात, तेव्हा हे सगळं पुन्हा करावं लागतं. त्याची सुरुवात फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात केलेली बरी.